अठरा हजार चाललेली सोडली, अडुसष्ट हजारवाली घेतली

माझं कॉलेज डभोईला. बडोद्याहून जाऊन-येऊन रोज साठेक किलोमीटर. नवी इलेक्ट्रिक गाडी परवडत नव्हती आणि जुनी घ्यायला छाती होत नव्हती. भीती एकच, बॅटरीची. सासूबाई म्हणायच्या, "मोबाइलची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, मग गाडीची किती दिवस पुरणार?" प्रश्न रास्त होता. मोबाइलला ना पाण्याचं कूलिंग असतं, ना त्याला कुणी जपून चार्ज करतं, हे खरं; पण गाडीची बॅटरीसुद्धा म्हातारी होतेच. किती झाली आहे ते घेण्याआधी कळणार कसं, एवढंच मला हवं होतं.

सुरुवात जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडून झाली. त्याने गाडी चालू करून स्क्रीनवरचा आकडा दाखवला. "जुओ बेन, फुल चार्जमां बसो दस किलोमीटर!" घरी येऊन हे दिराला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. दीर मकरपुरा जीआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात आहे. वीज हा त्याचा रोजचा धंदा. म्हणाला, "वहिनी, तो आकडा बॅटरीचा नाही, शेवटच्या ड्रायव्हरच्या पायाचा आहे. आदल्या दिवशी गाडी चाळीसच्या वेगाने एसी बंद करून फिरवली, की दोनशे दहा दाखवते. तीच हायवेला पळवा, दीडशेवर येईल."

टक्क्यांचंही तसंच. गच्चीवरच्या टाकीत तळाला गाळ साचला तरी फ्लोट वर आला की टाकी 'भरली' म्हणतो. गाडीचं १०० टक्के तसलंच. नवीन असताना १०० टक्के म्हणजे २९ युनिट असतील, तर पाच वर्षांनी तेच १०० टक्के २५ युनिटांचे असू शकतात, आणि स्क्रीन काही बोलत नाही. म्हणून दिराचा सल्ला सरळ होता: भिंतीतून किती युनिट आत जातात ते मोजायचं. त्याने कारखान्यातून एक सब-मीटर आणला, लाकडी पाटीवर बसवला, एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला पंधरा अँपिअरचा सॉकेट. हे लटांबर घेऊन आम्ही लोकांच्या दारात जायला लागलो.

दलालाला पाटी बघूनच घाम फुटला. तिथे विषय संपला.

ओळखीतून दोन गाड्या मिळाल्या. दोन्ही २०२१ च्या, एकाच मॉडेलच्या, दोन्हींमध्ये एलएफपी म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट सेल. पुस्तिकेत पॅक ३० युनिटांचा, त्यातले वापरता येण्याजोगे साधारण २९. पहिली कारेलीबागेतल्या एका काकांची. मुलगा कॅनडाला गेला, काका-काकू दोघंच, गाडी फक्त मंदिर, बँक आणि कधीमधी लग्नकार्य. अठरा हजार किलोमीटर. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अर्धंअधिक शाबूत. दुसरी मांजलपूरच्या एका मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची. भरूच, आणंद, गोध्रा अशी रोजची फिरती. अडुसष्ट हजार. बंपरवर ओरखडे, आत औषधांच्या खोक्यांचा वास.

कुणीही काकांची घेतली असती. मीही मनातून तीच घेतली होती.

काकांकडे मीटर लावला. गाडी २५ टक्क्यांवर होती, रात्रभरात १०० झाली, मीटरवर २१.२ युनिट. आता भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत जात नाही. चार्जर तापतो, पंप चालतो, गाडीचे कॉम्प्युटर जागे राहतात. सावकाश चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वाटेतच जातात. आम्ही बारा धरले. म्हणजे आत गेले १८.७. एवढ्यात पाऊण बॅटरी भरली, तर पूर्ण झाली २४.९. एकोणतीसच्या हिशोबाने ८६ टक्के. दिराने डॅशबोर्डखालच्या पोर्टला गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा एक छोटा ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर बघितलं. बॅटरीवर लक्ष ठेवणारी गाडीची स्वतःची यंत्रणा, बीएमएस, तीसुद्धा एसओएच, म्हणजे बॅटरीची तब्येत, तेवढ्याच आसपास सांगत होती.

अठरा हजारांत चौदा टक्के? काका दुखावले. "अहो, मी हिला जिवापाड जपली. कधी रिकामी होऊ दिली नाही. आली की लावली चार्जिंगला, कायम फुल."

घोटाळा इथेच होता. गाडी सोसायटीत उघड्यावर उभी. बडोद्याचा मे महिना, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, खाली तापलेलं काँक्रीट, आणि बॅटरी कायम काठोकाठ भरलेली. लिथियम सेलमध्ये ग्रॅफाइटच्या कणांवर एक पातळ थर धरतो. पहिल्या काही चार्जिंगमध्ये तो तयार व्हावाच लागतो, त्याच्याशिवाय सेल टिकणार नाही. पण नंतरही तो हळूहळू जाड होत राहतो, आणि जाड होताना थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम ये-जा करत नाही, तेवढी क्षमता गेली. गाडी चालवा की उभी ठेवा, हे चालूच राहतं. उष्णता वाढली की वेग वाढतो. रसायनात ढोबळ हिशोब असा सांगतात की तापमान दहा अंश चढलं की क्रियेचा वेग जवळपास दुप्पट. भरलेल्या सेलमध्ये ही क्रिया आणखी जोरात चालते. गाडी उभी आणि बंद असली की कूलिंगही सहसा झोपलेलंच असतं. काकांची गाडी धावून थकली नव्हती, उभी राहून थकली होती.

यावरून निसान लीफचं प्रकरण आठवतं. २०१० च्या शेवटी ही गाडी बाजारात आली, बॅटरीला पाण्याचं कूलिंग नव्हतं. २०१२ पर्यंत अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या, म्हणजे वाळवंटी भागाच्या, मालकांनी ओरड सुरू केली की डॅशबोर्डवरच्या बारा पट्ट्यांमधल्या पट्ट्या गळायला लागल्या. शेवटी कंपनीने पाच वर्षं किंवा ६०,००० मैल अशी क्षमतेची हमी दिली: नऊ पट्ट्यांच्या खाली गेली तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. थंड प्रदेशात त्याच गाड्या बऱ्या चालल्या होत्या. बडोद्याच्या माणसाने हे प्रकरण लक्षात ठेवावं असं मला वाटतं. आपल्याला शून्याखालच्या थंडीत चार्ज करण्याचा धोका नाही, पण ऊन भरपूर आहे.

मग मांजलपूर. रिप्रेझेंटेटिव्ह भाई शिस्तीचा माणूस. गाडी बेसमेंटमध्ये, चार्जिंगला ८० ची मर्यादा लावलेली, कारण यूट्यूबवर ऐकलं होतं की ऐंशीच्या वर जायचंच नाही. गाडीने ३० टक्के दाखवलं तेव्हा मीटर लावला. १०० झाली तेव्हा मीटरवर फक्त १८.६ युनिट. हिशोब केला, तर ८१ टक्के. काकांच्या गाडीपेक्षाही वाईट. मी पर्स उचलली, दिराने मात्र मोबाइल पुढे केला. चार्जिंग चालू असताना तो अधूनमधून आकडा लिहून ठेवत होता. ८९ पर्यंत आकडा नीट एकेक करत चढला आणि तिथून एकदम १०० झाला.

"वहिनी, बॅटरी कमी नाहीये, गाडीचं मोजणं चुकलंय."

एलएफपीची ही खोड आहे. या सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, ३.२ व्होल्टच्या आगेमागे. व्होल्टेज बघून बॅटरी चाळीस टक्क्यांवर आहे की साठ, ते धड कळत नाही. म्हणून बीएमएस आत-बाहेर जाणारा करंट मोजून हिशोब ठेवते. त्या हिशोबात रोज थोडी चूक साचते. बॅटरी पूर्ण भरली की व्होल्टेज झपकन चढतो, तिथे बीएमएसला पक्की खूण सापडते आणि खातं नव्याने सुरू होतं. भाईंनी गाडी कित्येक महिने ऐंशीच्या वर नेलीच नव्हती. स्क्रीन ३० म्हणत होती तेव्हा बॅटरीत खरे अडतीसच्या आसपास असावेत. ऐंशीचा नियम निकेलवाल्या, म्हणजे एनएमसी सेलच्या गाड्यांसाठी चांगला आहे. एलएफपीला अधूनमधून काठापर्यंत भरावंच लागतं, आणि सेल एकमेकांशी जुळवण्याचं कामही बहुतेक त्याच वेळी होतं. पॅकमधला सगळ्यात दुबळा सेल रिकामा झाला की गाडी थांबते, बाकीच्यांत कितीही शिल्लक असो. म्हणून ही जुळवाजुळव महत्त्वाची.

भाईंना सांगितलं, आता काही दिवस पूर्ण भरा आणि भरल्यावरही लगेच केबल काढू नका. त्यांनी तसं केलं. मग एका रविवारी आम्ही तिघं त्याच गाडीने भरूचला जाऊन आलो. सिंगदाणे घेतलेच, भरूचला जाऊन ते घेतले नाहीत तर घरात कोण घेईल! निघताना १००, परत आलो तेव्हा २२, अंतर १४५ किलोमीटर, गाडीने दाखवलेला खर्च १०० किलोमीटरला १४ युनिट. म्हणजे ७८ टक्क्यांत २०.३ युनिट, पूर्ण बॅटरी २६. त्याच रात्री पाटीवरचा मीटर लावला, २३.५ युनिट गेले. बारा टक्के तूट वजा करून पूर्ण बॅटरी २६.५. दोन वाटांनी जवळपास एकच आकडा आला तेव्हा मी निश्चिंत झाले. एकोणतीसच्या हिशोबाने नव्वद-एक्क्याण्णव टक्के. ही क्षमता चार्ज करून परत आलेली नव्हे. ती आधीही तेवढीच होती, मोजणं सुधारलं.

तूट बाराऐवजी चौदा धरली तर दोन्ही गाड्यांचे आकडे खाली सरकतात, पण दोन्हींचे सारखेच. तोच मीटर, तसाच सॉकेट, तेच मॉडेल. मला तुलना हवी होती, आणि ती टिकली.

बाहेरचे आकडेही याच्याशी जुळतात. गाड्यांची माहिती गोळा करणाऱ्या जिओटॅब या कॅनडाच्या कंपनीने २०२० मध्ये सरासरी घट वर्षाला २.३ टक्के सांगितली होती, २०२४ च्या पाहणीत ती १.८ वर आली. म्हणजे चार वर्षांत सात ते नऊ टक्के जाणं सर्वसाधारण. भाईंची गाडी इतकी पळूनही त्याच ओळीत, काकांची बसूनही खाली. सुरुवातीला घट जरा वेगात होते, मग मंदावते, हेही लक्षात ठेवायला हवं. पहिल्या वर्षात तीन-चार टक्के गेले म्हणून दहा वर्षांत बॅटरी संपेल असा त्रैराशिक मांडू नये.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचा कागद मात्र मला हवाच होता, कारण पुढे हमीचा दावा करायची वेळ आली तर आमची लाकडी पाटी कोण विचारतो? तिथे पहिल्यांदा हातात पडलेल्या रिपोर्टवर बॅटरीपुढे एकच शब्द होता, 'ओके'. मी म्हटलं, आकडा द्या. "मॅडम, आकडा देत नाही आम्ही, सिस्टिममध्ये असतो." सिस्टिममध्ये असतो तर छापा ना! काउंटरवरून मॅनेजर, मॅनेजरकडून वर्कशॉप. शेवटी एका तरुण मेकॅनिकने निदानाच्या टॅबवरची स्क्रीन प्रिंट करून, खाली तारीख आणि किलोमीटर घालून सही-शिक्क्यासह दिली. एसओएच ९१. हा कागद मिळवायला बाकी सगळ्या उठाठेवीपेक्षा जास्त वेळ गेला, आणि जुनी गाडी घेणाऱ्याने याच कागदासाठी सर्वांत जास्त हट्ट धरावा.

हमीची पुस्तिका तिथेच बसून वाचली. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. भारतात बऱ्याच कंपन्यांची मर्यादा साधारण अशीच आहे. पण दुसऱ्या मालकाला ती तशीच लागू होते का, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर कंपनी 'दोष' मानते, या दोन ओळी बारीक अक्षरात असतात. आमच्या गाडीला ती ओळ सत्तरची. म्हणजे ७१ वर असेपर्यंत कंपनीच्या लेखी सगळं ठीक.

पुढचं काम सरळ झालं. फॉर्म २९, फॉर्म ३०, विम्याचं नाव बदलणं; गाडीवर कर्ज असतं तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागला असता. पीयूसीची भानगड नाही. मालकाकडून थेट घेतल्यामुळे जीएसटीही नाही. नोंदणीकृत डीलरकडून घेतली असती तर त्याच्या नफ्यावर अठरा टक्के लागला असता, आणि तो त्याने माझ्याच खिशातून काढला असता. भाईंनी अडुसष्ट हजार किलोमीटर बघून किंमत आधीच कमी ठेवली होती. मी एक्क्याण्णवचा कागद पर्समध्ये ठेवून ती आणखी पंधरा हजारांनी कमी करून घेतली. यात मला काही वाटलं नाही. नवे टायर मलाच घ्यायचे होते.

काकांनाही आमचा हिशोब लिहून दिला. त्यांना तो पटायला वेळ लागला, पण मग जाहिरातीत त्यांनी '८६ टक्के बॅटरी' असं स्पष्ट लिहिलं. शहरात फिरणाऱ्याला तेवढी बॅटरी भरपूर होते. सयाजीगंजहून मांजलपूरला जायला किती युनिट लागतात असे? गाडी अखेर वाघोडिया रोडच्या एका शिक्षिकाबाईंनी घेतली, आणि सब-मीटरची पाटी सध्या त्यांच्याकडे आहे.

माझी गाडी आता कॉलेजात कडुलिंबाखाली उभी असते. आठवडाभर सत्तर-ऐंशीपर्यंत चार्ज करते, शनिवारी रात्री पूर्ण भरते आणि रविवारी सकाळी कुठेतरी निघते, म्हणजे ती भरलेली उन्हात उभी राहत नाही. सासूबाईंनी अलीकडे मोबाइलसुद्धा रात्रभर चार्जिंगला लावणं बंद केलं आहे.