आधी मंदी की आधी म्हातारपण?

एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या दूरचित्रवाणीवर एक जाहिरात लागली. तिच्यात आकागी न्यूग्यो या आइस्क्रीम कंपनीची माणसे, वरिष्ठ अधिकाऱ्यांसह, रांगेने उभी राहून कमरेत वाकून ग्राहकांची माफी मागत होती. अपराध एवढाच होता की, 'गारिगारी-कुन' या आइसकांडीची किंमत पंचवीस वर्षांनंतर प्रथमच ६० येनांवरून ७० येन झाली होती. (नावाचे आपल्या 'गारेगार'शी असलेले साम्य निव्वळ योगायोगाचे, पण मला ते फार आवडते.) पाव शतक भाव न वाढणे हे सुख वाटेल, परंतु ज्या देशात भाव वाढत नाहीत तिथे पगारही वाढत नाहीत, आणि जपानमध्ये नेमके तेच झाले होते.

याचे कारण विचारले की ठरावीक उत्तर मिळते : देश म्हातारा झाला, काम करणारे हात कमी झाले, म्हणून अर्थव्यवस्था साचली. हे खोटे नाही. पंधरा ते चौसष्ट वयोगटातील लोकसंख्या १९९५ च्या सुमारास, साधारण पावणेनऊ कोटींवर असताना, कळसाला पोहोचून उतरणीला लागली. पण मंदी त्याच्या आधीच सुरू झाली होती. माझे मत असे की, या कार्यकारणाचा बाण दोन्ही दिशांना जातो आणि त्याची उलटी दिशा फारशी कुणी पाहत नाही.

मंदीआधी जमिनीच्या आणि समभागांच्या भावांचा जो फुगा फुगला, त्याची कहाणी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९८५ च्या प्लाझा करारानंतर, म्हणजे डॉलर स्वस्त करण्याच्या बड्या देशांच्या समझोत्यानंतर, येन झपाट्याने महागला, निर्यातदार घाबरले, आणि त्यांना आधार म्हणून बँक ऑफ जपान या मध्यवर्ती बँकेने १९८७ मध्ये व्याजदर अडीच टक्क्यांवर आणला. स्वस्त पैसा जमिनीत आणि समभागांत शिरला. १९८९ च्या अखेरीस टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर गेला. मग व्याजदर सहा टक्क्यांपर्यंत चढवला गेला आणि सगळे कोसळले. तो आकडा निर्देशांकाने पुन्हा ओलांडला तो थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. जमिनीचे भाव पडले तरी ती तारण ठेवून काढलेली कर्जे तशीच राहिली, त्यामुळे वरकरणी धंदा नीट चालणाऱ्या कंपन्यांनीही नफा गुंतवण्याऐवजी कर्ज फेडण्याचा मार्ग धरला. अर्थतज्ज्ञ रिचर्ड कू यांनी याला ताळेबंदाची मंदी म्हटले. व्याज शून्यावर आणले तरी कर्ज घ्यायला कुणी येत नाही, कारण प्रत्येकाला आधीच्या कर्जातून सुटायचे असते. एकेका कंपनीचे हे शहाणपण सर्वांनी एकाच वेळी दाखवले की बाजारातली मागणीच आटते. दुसरीकडे, बुडीत कर्जे बुडीत म्हणायची लाज आणि भीती असल्यामुळे बँका मरणासन्न कंपन्यांना जुने हप्ते भरता यावेत म्हणून नवे कर्ज देत राहिल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये यामाइची ही बडी दलाली पेढी आणि होक्काइदो ताकुशोकू ही बँक कोलमडली, तोवर सात वर्षे वाया गेली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने उपभोग कर, म्हणजे खरेदीवरचा कर, तीनवरून पाच टक्के केला होता, हा मुहूर्त तर विलक्षणच म्हणायचा.

आता मूळ मुद्दा. जपानी कंपन्यांनी जुन्या माणसांना घरी पाठवले नाही; आजीवन नोकरी हा तिथे लिखित कायद्याहून मोठा संकेत होता. त्यांनी केले ते इतकेच की नव्यांना आत घेणे थांबवले. तिथे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची दर एप्रिलमध्ये एकगठ्ठा भरती होते, आणि त्या वर्षी जो आत गेला नाही त्याला पुढे दार सहसा उघडत नाही. १९९३ ते २००५ या काळात शिक्षण संपवणाऱ्यांच्या वाट्याला म्हणूनच कंत्राटी आणि अर्धवेळ कामे आली. त्या काळाला जपानी लोक 'नोकऱ्यांचे हिमयुग' म्हणतात.

हे तरुण कोण होते? १९७१ ते १९७४ या वर्षांत दर वर्षी वीस लाखांहून अधिक मुले जन्मली. युद्धानंतरच्या मोठ्या लाटेच्या मुलांची ही दुसरी लाट. तिची शेपटी आणि तिच्यानंतरच्या तुकड्या थेट हिमयुगात सापडल्या. जपानमध्ये विवाहबाह्य अपत्ये अगदी नगण्य. लग्न नाही तर मूल नाही, आणि पक्क्या नोकरीवाचून, विशेषतः मुलग्यांचे, लग्न जमणे अवघड. हिशेबाने १९९५ ते २००५ च्या दरम्यान तिसरी लाट यायला हवी होती. ती आलीच नाही. २००५ मध्ये जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये, १.२६ पर्यंत घसरला. तो १९७० च्या दशकापासूनच उतरत होता, हे मान्य. सगळे खापर मंदीवर फोडता येणार नाही. परंतु घसरण थोपवू शकणारी शेवटची मोठी पिढी नेमकी त्याच काळात दाराबाहेर उभी ठेवली गेली. आज जी माणसांची टंचाई आहे, आणि जिच्यापायी पुण्यातले जपानीचे वर्ग भरलेले असतात, तिचा एक भाग त्या वर्षांत तयार झाला.

मग हे इतकी वर्षे चालले कसे? देश श्रीमंत होता म्हणून, असे मला वाटते. गरीब देशात असे संकट आले की परकीय चलन आटते, नाणेनिधी दारात येतो, काहीतरी करावेच लागते. जपान मात्र जगाचा सावकार होता. सरकारचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीपलीकडे गेले तरी ते बहुतांशी घरच्याच लोकांनी पुरवले. कुटुंबांची निम्मी आर्थिक संपत्ती रोख रकमेत आणि ठेवींत पडून होती. भाव स्थिर असतील तर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याचे काही बिघडत नाही, आणि मतदानाला नेमाने जाणारा तोच. चलनघट, म्हणजे भाव उतरत जाणे, ही त्याच्यासाठी संकट नव्हती, सोयच होती.

एक गोष्ट मात्र जपानच्या बाजूने सांगायला हवी : काम करण्याच्या वयाच्या माणशी उत्पादन पाहिले तर १९९८ नंतरच्या दोन दशकांत जपान अमेरिकेच्या मागे पडलेला दिसत नाही. तिथले कामगार मंद झाले नव्हते. ते कमी झाले होते, आणि त्यांना कमी पैसे मिळत होते.

मार्च २०२४ मध्ये बँक ऑफ जपानने उणे व्याजदर, म्हणजे तिच्याकडे पैसे ठेवणाऱ्या बँकांकडूनच उलट आकार घेणारा दर, संपवला. त्याच वसंतातील वेतनबोलण्यांत, ज्यांना 'शुंतो' म्हणतात, मोठ्या कंपन्यांनी पाच टक्क्यांहून अधिक वाढ मान्य केली. तेहेतीस वर्षांत असे झाले नव्हते. नव्या पदवीधरांना तर कंपन्या आता पायघड्या घालतात. २००० साली बाविशीत असलेला उमेदवार आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे, आणि कंत्राटी कामांच्या वर्षांमुळे त्याच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यात जमा फार थोडी आहे.