बोट लागणाऱ्या बाईने बालीत डाइव्ह कुठे करावी

बालीला जाणारी माणसं विमानाने देनपसारला उतरतात. आम्ही मात्र जावामधल्या योग्याकार्ताहून रेल्वेने निघालो, कारण माझ्या मामेबहिणीला जमिनीवरून जायचा नाद आहे. "ताई, विमानातून काय दिसतं? ढग!" हे तिचं ठरलेलं वाक्य. लेम्पुयांगन स्टेशनवरून सकाळी 'श्री तांजुंग' सुटते आणि जावाच्या पूर्व टोकाला, केतापांगला, रात्री पोचवते. जवळजवळ १३ तास. बाकं समोरासमोर, पाठ टेकायची फळी काटकोनात, आणि समोरच्या आजोबांचे गुडघे आपल्या गुडघ्यांत. तिकीट इतकं स्वस्त की तक्रार करायची लाज वाटावी. मी तरी केली.

डाइव्ह, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर लावून समुद्रात बुडी, करायची असेल तर नकाशात अंतराइतकीच उंचीही बघावी लागते. डाइव्हनंतर अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, म्हणून निदान १८ तास विमानात बसायचं नाही आणि उंच डोंगरावरही जायचं नाही. त्यामुळे आधी डोंगर, मग समुद्र. इजेनचा ज्वालामुखी केतापांगलगतच्या बन्युवांगी शहराजवळच आहे, तो आधी उरकला. निळी ज्वाला, आंबट हवा, गर्दी. विवराच्या तळातून पिवळ्या गंधकाच्या कावडी खांद्यावर घेऊन वर येणारे लोक त्या गर्दीतूनच वाट काढत होते. काही जण आता कावडीऐवजी थकलेल्या पर्यटकांना दोन चाकांच्या गाड्यावर बसवून ओढतात आणि त्या गाड्याला 'लॅम्बोर्गिनी' म्हणतात.

केतापांग स्टेशनपासून धक्का चालत जाण्याइतका जवळ. फेरी चोवीस तास चालू असते, तासाभरात बालीतल्या गिलिमानुकला उतरवते आणि उतरल्यावर घड्याळ एक तास पुढे करायचं. मी पूर्ण वेळ क्षितिजाकडे बघत उभी होते, कारण मला बोट लागते. आणि हाच आमच्या डाइव्ह साइट निवडण्यातला खरा घोळ.

बहिणीच्या एक्सेलमधल्या यादीत पहिला नंबर बालीजवळच्या नुसा पेनिदा बेटाचा होता. तिथे मांता पॉइंटला मांता रे हे मोठे चपटे मासे, क्रिस्टल बेला जुलै ते ऑक्टोबर मोला मोला, हा लांब परांचा अवाढव्य मासा. शिवाय गार पाणी, जोरदार करंट आणि हेलकावणारी स्पीडबोट. डाइव्हवर लिहिणारे दृश्यमानता किती मीटर, करंट कुठून कुठे, हे सगळं तपशिलात सांगतात. वेटसूट गळ्यापर्यंत चढवून, डिझेलच्या वासात, लहान बोटीच्या कठड्यावरून उलटी कशी करायची हे कुणी सांगत नाही. मी पेनिदावर काट मारली. बहीण दोन दिवस घुश्शात.

मेन्जांगान बेट गिलिमानुकहून पुढच्या वाटेवरच, राष्ट्रीय उद्यानात. तिथल्या प्रवाळाच्या भिंती सुंदर आहेत; जाता-येता माझी नजर किनाऱ्यावरच्या डोंगरावर खिळलेली होती. मग उत्तर किनाऱ्याने, सिंगराजावरून, गाडी ठरवून तुलाम्बेन.

तुलाम्बेनला बोट लागत नाही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि काही मिनिटांत 'लिबर्टी' समोर. रबर आणि रेल्वेचे सुटे भाग घेऊन निघालेलं हे अमेरिकी मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. ओढून सिंगराजाला न्यायचा प्रयत्न फसला, म्हणून इथे किनाऱ्याला लावलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला, तेव्हा ते घसरत पाण्यात गेलं. आता १२० मीटर लांबीचा तो सांगाडा ५ मीटरपासून जवळपास ३० मीटर खोलीपर्यंत पसरलाय. माझ्यासारखी १८ मीटरवर थांबणारीही पोटभर बघू शकते.

दक्षिण बालीतून डाइव्हरांना आणणाऱ्या गाड्या यायच्या आत उतरायचं म्हणून पहाटेच किनाऱ्यावर गेलो. किनारा म्हणजे काळे, नारळाएवढे गोटे. तिथे साधारण माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली बाई उभी होती. तिने टॉवेल गुंडाळून डोक्यावर चुंबळ ठेवली, दुसरीने हात लावला, आणि माझा सिलिंडर जॅकेटसकट तिच्या डोक्यावर गेला. वीसेक किलो तरी असेल. पायात रबरी चपला. ती हात सोडून त्या गोट्यांवरून चालायला लागली. मी मागून, जाड तळव्यांचे खास बूट घालून, पायात चढवायच्या रबरी फिन्स तेवढ्या हातात धरून, दर दोन पावलांना धडपडत. एका जागी ती थांबली, मान न वळवता हात मागे केला आणि बोटं हलवली. मला कळेना. फिन्स मागत होती. मी दिल्या.

माझं मी नेते, असं नंतर आमच्या गाइडला म्हटलं. तो म्हणाला, नेऊ नका, हे गावातल्या बायकांचं काम आहे, तुम्ही उचललंत तर तिची मजुरी बुडते. पटलं. पण एक गोरा गृहस्थ तिच्यासमोर उलटा चालत, मोबाइल तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर धरून व्हिडिओ काढत होता, तेव्हा त्याने गोट्यांवर सपाटून आपटावं असं मनापासून वाटलं. नाही आपटला.

खाली जहाज होतं, बंपहेड पॅरटफिशचा कळप होता, काळ्या वाळूतून अर्ध्या वर आलेल्या गार्डन ईल, म्हणजे सापासारखे बारीक मासे, होत्या. बहीण वर आली तेव्हा पेनिदा विसरली होती.

खटकलं ते बिल. त्यात नायट्रॉक्सची, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेची, ओळ होती, कॅमेऱ्याच्या भाड्याची होती, टॉर्चचीसुद्धा होती. सिलिंडर वाहणाऱ्या बाईची नव्हती. "पॅकेजमध्येच आहे," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. किती? ते त्याला सांगता येईना. मग किनाऱ्यावर परत जाऊन तिला शोधलं आणि पैसे तिच्याच हातात दिले. तिने मोजले, कमरेला खोचले आणि पुढच्या गाडीकडे गेली.

निघताना चालकाला किंतामणीवरून जायचं होतं. तिथे ज्वालामुखीसमोरच्या हॉटेलात जेवण असतं. पण ती जागा १५०० मीटरच्या आसपास उंचीवर, आणि आम्ही सकाळीच डाइव्ह केलेली. अम्लापुरा, चांदीदासा असं किनाऱ्याकिनाऱ्याने चला म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. देनपसारपर्यंत तो आमच्याशी फारसा बोलला नाही, आणि बहिणीने तेवढ्यात पुढच्या वर्षीच्या एक्सेलमध्ये पेनिदा पुन्हा पहिल्या नंबरवर टाकलं.