साडी संपली, पेज नाही

साडी विकली गेली की त्याच संध्याकाळी तिचं पेज साइटवरून उडवून टाकायचं, ही सवय ऑनलाइन साड्या विकणाऱ्या बऱ्याच लोकांना आहे आणि मला ते खरंच बघवत नाही. विकली गेलेली वस्तू साइटवर दिसली तर वाईट दिसतं असं त्यांना वाटतं. पण ते पेज गुगलवर वर यायला कितीतरी महिने लागलेले असतात आणि आपण ते एका क्लिकमध्ये पुसतो.

मी इंदूरला राहते, मावशीचं माहेश्वरी आणि चंदेरी साड्यांचं काम आहे आणि त्याची साइट मी बघते. सगळा हातमागाचा माल, त्यामुळे आउट ऑफ स्टॉक हा आमचा रोजचाच विषय. महेश्वर इथून साधारण नव्वद किलोमीटर, फोन केला की विणकर भैया सांगतात माग चालू आहे, पण साडी मागावरून तिच्या वेळेनेच उतरते, तिथे घाई चालत नाही. म्हणजे कुठल्याही दिवशी साइट उघडली तर काही साड्या संपलेल्या असणारच.

आता बघा, एखादं पेज वर येतं ते कशामुळे? कोणीतरी लग्नाच्या खरेदीबद्दल लिहिताना त्याची लिंक दिलेली असते, कोणी फोटो पिंटरेस्टवर पिन केलेला असतो, घेतलेल्या बायकांनी रिव्ह्यू लिहिलेले असतात, आणि हे सगळं त्या एका यूआरएलला, म्हणजे पेजच्या पत्त्याला, चिकटलेलं असतं. पेज डिलीट केलं की सर्व्हर ४०४ देतो, म्हणजे 'असं पेज नाही' सांगतो, गुगल दोन-चार वेळा परत येऊन बघतं आणि तेच उत्तर मिळत राहिलं की इंडेक्समधून, म्हणजे त्याच्या शोधाच्या यादीतून, काढून टाकतं. मग काही महिन्यांनी तोच काठ, तोच रंग परत आला की आपण नवीन पेज बनवतो, नवीन यूआरएल, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे संक्रांतीची काळी साडी. मराठी घरांत डिसेंबर लागला की लोक शोधायला लागतात, जानेवारीच्या मध्यापर्यंत जोर असतो, आणि मग फेब्रुवारीत दुकानदार ते पेज बंद करतात कारण माल संपला आणि विचारणारं कोणी नाही. अहो, पुढच्या वर्षी संक्रांत परत येणारच आहे ना! ते पेज वर्षभर जिवंत ठेवायचं, यूआरएलमध्ये साल टाकायचंच नाही, वर एक ओळ लिहायची की आत्ता स्टॉक नाही, पुढचा लॉट दिवाळीनंतर, आणि खाली बाकीच्या काळ्या किंवा गडद रंगाच्या साड्या दाखवायच्या. नोव्हेंबरात नवीन फोटो टाकले की झालं.

तर स्टॉक संपलेलं पण परत येणारं पेज कसं ठेवायचं? पेज नेहमीसारखंच उघडलं पाहिजे, म्हणजे २०० स्टेटस (सर्व्हरचं 'पेज आहे' असं उत्तर), फोटो तसेच, कापडाची माहिती तशीच, किंमत तशीच, रिव्ह्यू तसेच. फक्त कार्टचं बटण जाऊन त्या जागी 'आली की कळवा' असं बटण, व्हॉट्सॲप नंबर नाहीतर ईमेल घेणारं. आणि आतल्या स्ट्रक्चर्ड डेटामध्ये, म्हणजे गुगलसाठी कोडमध्ये लिहिलेल्या माहितीत, ऑफरची अव्हेलेबिलिटी 'इनस्टॉक'वरून 'आउटऑफस्टॉक' करायची. ही शेवटची गोष्ट खूप जण विसरतात, पेजवर लिहिलेलं असतं संपली आणि कोडमध्ये राहतं उपलब्ध. गुगलच्या मर्चंट सेंटरला, म्हणजे खरेदीच्या रिझल्टसाठी, मालाची यादी (फीड) जात असेल तर तिथे हा फरक पकडला जातो आणि प्रॉडक्ट नामंजूर होतं, फार वेळा झालं तर प्रकरण अकाउंटपर्यंत जातं. पण ते बाजूला ठेवलं तरी, साडी नसताना आहे असं सांगून माणसाला साइटवर आणणं मला पटत नाही. तो माणूस परत येत नाही.

काही थीम अशा असतात की स्टॉक शून्य झाला की किंमत, वर्णन सगळं लपवतात आणि मधोमध फक्त 'उपलब्ध नाही' एवढंच राहतं. असं पेज गुगल सॉफ्ट ४०४ समजू शकतं, म्हणजे सर्व्हर म्हणतो पेज आहे पण आत बघावं तर काहीच नाही. सर्च कन्सोल या साइटवाल्यांसाठीच्या गुगलच्या टूलमध्ये, पेजेसच्या रिपोर्टमध्ये हे कारण वेगळं लिहून येतं, तिथे आपली चांगली पेजेस दिसली तर थीम तपासा.

नोइंडेक्स, म्हणजे 'हे पेज रिझल्टमध्ये दाखवू नका' अशी खूण, लावून ठेवणारेही आहेत, स्टॉक आला की काढू म्हणून. ते करू नका. नोइंडेक्स दिसला की पेज रिझल्टमधून जातं, काढल्यावर गुगल पुन्हा येऊन वाचेपर्यंत थांबावं लागतं, आणि जास्त दिवस राहिलं तर गुगल तिथे येणंही कमी करतं. आठ-पंधरा दिवसांच्या स्टॉकसाठी एवढा उपद्व्याप कशाला.

आता ज्या साड्या खरंच परत येणार नाहीत त्यांचं. इथे लोक सगळ्यात जास्त जे करतात ते म्हणजे सगळी जुनी पेजेस ३०१, म्हणजे कायमचं रीडायरेक्ट, लावून होमपेजवर पाठवणं. म्हणजे गिऱ्हाईक इंदूरच्या सीतलामाता या कपड्यांच्या बाजारात येऊन एक ठरावीक साडी मागतंय आणि दुकानदार त्याला हात धरून राजवाड्यासमोर उभं करून येतोय. गुगलही अशा रीडायरेक्टला बहुतेक वेळा सॉफ्ट ४०४च धरतं, त्यामुळे रँकिंगचा फायदा वगैरे काही मिळत नाही. ३०१ लावायचं तर अगदी जवळच्या साडीवर लावायचं, तोच काठ, तेच कापड, रंग थोडा वेगळा असं काही. आणि लावलं की किमान एक वर्ष तरी काढायचं नाही, गुगलचं स्वतःचं सांगणं तसंच आहे. जवळचं काहीच नसेल तर सरळ ४०४ किंवा ४१० ('कायमचं गेलं') देऊन मोकळं व्हायचं, गुगलसाठी दोन्ही जवळपास सारखेच, आणि थोडे ४०४ असले म्हणून बाकीच्या साइटचं काही बिघडत नाही. साइटमॅपमधून, म्हणजे गुगलला दिलेल्या पेजेसच्या यादीतून, मात्र ते काढा.

काढायच्या आधी एक करा, सर्च कन्सोलमध्ये त्या पेजचे क्लिक्स बघा आणि बाहेरून लिंक आहे का ते बघा. तिथे १६ महिन्यांचा डेटा असतो, म्हणजे मागच्या वर्षीचा तोच सण दिसतोच. क्लिक नाही, लिंक नाही, परत येणार नाही, तर खुशाल काढा.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते याच्याही आधीचं काम, आणि ते माग समजून घेतल्याशिवाय सुचत नाही. मागावर एका ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, एकापेक्षा जास्त साड्या निघतात. माहेश्वरीचा काठ ताण्यातच बसवलेला असतो, त्यामुळे त्या ताण्यावरच्या सगळ्या साड्यांचा काठ सारखा, आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, बदलला की अंगाचा रंग बदलतो. म्हणजे त्या एका घरच्याच साड्या झाल्या. मग आपण प्रत्येक नगाचं वेगळं पेज का बनवतो? पेज काठाचं बनवा. ईंट काठाचं एक पेज, चटाई काठाचं एक, दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या बुगडी काठाचं एक, आणि आत रंग हे व्हेरिएंट. मोरपंखी संपला तर मोरपंखीवर संपल्याचं दिसेल पण पेज चालूच राहील, रिव्ह्यू साठत राहतील, लिंका टिकतील. व्हेरिएंटसाठी स्कीमामध्ये, म्हणजे त्याच स्ट्रक्चर्ड डेटाच्या शब्दांत, प्रॉडक्टग्रुप आहे आणि २०२४ पासून गुगलही ते वाचतं. आमच्याकडे असं केल्यापासून काय डिलीट करायचं हा प्रश्नच फार क्वचित येतो. अगदी एकच नग असलेली, जुनी किंवा खास करून विणलेली साडी असेल तिचं वेगळं पेज ठीक आहे.

कॅटेगरीत संपलेल्या साड्या शेवटी ढकला, पण गायब करू नका. वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन) आउट ऑफ स्टॉक कॅटलॉगमधून लपवायचं एक सेटिंग आहे, ते टिक केलं की पेज असतं पण कॅटेगरीतून तिथे जायला वाट उरत नाही. आणि हो, एवढी पेजेस ठेवली तर क्रॉल बजेट, म्हणजे गुगल आपली साइट वाचायला देतं तो वेळ, संपेल अशी भीती कोणी घातली तर सोडून द्या, गुगलच्या मार्गदर्शनात ती काळजी दहा लाखांच्या वर पेजेस असलेल्या किंवा दहा हजारांच्या वर पेजेस रोज बदलणाऱ्या साइट्सना आहे. आपल्या साड्या काही शे.

'आली की कळवा'ची यादी मी फार जपते. कोणत्या काठासाठी, कोणत्या रंगासाठी किती जणी थांबल्यात ते त्यात सरळ दिसतं, आणि ताणा लावायच्या आधी ते विणकर भैयांना कळलं तर त्यांना अंदाजाने विणावं लागत नाही. मावशी महिन्यातून एकदा ती यादी त्यांना फोनवर वाचून दाखवते, ते सांगतात यातलं कोणतं जमेल आणि साधारण कधी, आणि तेच मी पेजवर लिहिते. त्यांनी तारीख दिली नसेल तर मी पण देत नाही. लॉट आला की आधी यादीतल्यांना मेसेज, आणि त्याच वेळी पेजवर आणि कोडमध्ये दोन्हीकडे स्टॉक चालू. मावशी तोपर्यंत एकेक साडी उलगडून काठ तपासत बसलेली असते.