वडिलांच्या कॅसेटी ऐकायला फोन की प्लेयर?

आमचा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे. सोलापुरात असे पुष्कळ आहेत. एप्रिल-मे हा ऐन सीझन, आणि तेव्हा माझा फोन माझ्याकडे नसतोच. तो काउंटरवर पुतण्याकडे असतो, कारण ऑर्डरी, मापं, पैशांचे निरोप सगळं त्याच नंबरवर येतं. मी आत कटिंग टेबलावर. नुसती गाणी वाजवणारा, खिशात मावणारा वेगळा प्लेयर घ्यावा का, हा विचार त्यातून सुरू झाला.

ऐकायच्या होत्या वडिलांनी रेडिओवरून भरून ठेवलेल्या कॅसेटी. ख्याल, नाट्यपदं, कीर्तनं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्या मी कॉम्प्युटरवर उतरवतोय, सीडीच्याच मापाने, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ (आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचा). मिनिटाला १० एमबीपेक्षा थोडे जास्तच लागतात, म्हणजे एक कॅसेट ९०० एमबीच्या वर जाते. ती फ्लॅक या प्रकारात बदलली की आवाजातलं काहीही न गमावता फाइल बरीच लहान होते. १९२ किलोहर्ट्झला उतरवा, असाही सल्ला मिळाला. पण मीडियम वेव्हवरचं प्रसारण आणि त्यावर टेपची सरसर, यात तेवढं टिपण्यासारखं काही नसतं. त्यामुळे ‘हाय-रेस’ (सीडीपेक्षा बारीक तपशिलाचा आवाज) हा शिक्का मी सगळ्यात आधी विचारातून काढला.

नवी पेठेत चौकशी केली. दुकानदार म्हणाले, “अण्णा, आयपॉडसुद्धा २०२२ला बंद झाला की! फोनमध्ये सगळं असताना प्लेयर कशाला घेताय?” त्यांचं म्हणणं खरंच होतं, म्हणून आधी फोनवरच नीट ऐकून पाहायचं ठरवलं. माझ्या फोनला हेडफोनचा जॅक नाही. टाइप-सीला लावायचा छोटा डॅक (डिजिटल फाइलचा इयरफोनसाठी आवाज करणारी डबी) आणला, त्यात वायरचे इयरफोन.

माझ्या एका मित्राचा साऊंडचा व्यवसाय आहे. त्याच्याकडे चांगला प्लेयर होता. तो आणि माझा फोन त्याने शेजारी ठेवले, इयरफोन तेच, फाइल तीच. “आधी दोन्हींचा आवाज सारखा कर,” तो म्हणाला. “जरा मोठं वाजलं की कान त्यालाच चांगलं म्हणतो.” आवाज सारखा केल्यावर मला फरक सांगता आला नाही. अँड्रॉइड बऱ्याचदा ४४.१चा आवाज ४८ किलोहर्ट्झला बदलून वाजवतं, पण माझ्या कानाला ते कळलं नाही. इयरफोन बदलले तेव्हा मात्र गायकामागचा तानपुरा एकदम पुढे आला. ब्लूटूथवर आवाज पुन्हा दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवला जातो, म्हणून मी वायरवरच राहिलो. पहिले पैसे इयरफोनवर घालावेत, हे माझं मत तिथेच पक्कं झालं.

म्हणजे आवाजासाठी प्लेयर घ्यायची गरज नव्हती. गरज होती ती वेगळीच. सीझनमध्ये फोन काउंटरवर, आणि एरवीही संथ लयीतला विलंबित ख्याल रंगात आलेला असताना फोन वाजला की गाणं थांबतं, आणि गिऱ्हाइकांमुळे फोन गप्प करून ठेवता येत नाही.

मग प्लेयर शोधताना माझ्या तीन अटी ठरल्या. पंचेचाळीस मिनिटांच्या फाइलमध्ये जिथे थांबलो तिथूनच पुन्हा सुरू व्हावं, खिशात न बघता बटणं चालावीत, आणि देवनागरी नावं वाचता यावीत. तिसऱ्या अटीने फार दमवलं. स्वस्तातल्या एका प्लेयरवर नुसते चौकोन दिसत होते. दुसऱ्यावर अक्षरं होती, पण ‘बिहाग’ची वेलांटी पुढे सरकलेली आणि ‘दुर्गा’तला रफार सुटून र पाय मोडून उभा. फाइलमधलं नाव बरोबरच असतं. अक्षरं जोडून दाखवायची सोय प्लेयरमध्ये नसते. शिवाय त्यातला एक ३२ जीबीच्या वरचं मेमरी कार्ड घेईना.

दुसऱ्या टोकाला अँड्रॉइडवाले महागडे प्लेयर. देवनागरी उत्तम, पण तो एक सिम नसलेला फोनच. मला त्यात पुन्हा अ‍ॅप आणि अपडेट नको होते.

शेवटी मधल्या किमतीतला, आठ हजारांच्या आतला छोटा प्लेयर मागवला. त्याच्या बाजूला खरी बटणं आहेत, १२८ जीबीचं मेमरी कार्ड चालतं आणि गाणं कुठे थांबलं होतं तेही लक्षात ठेवतो. देवनागरी त्यावरही तुटतेच. म्हणून फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवली आणि प्रत्येक कॅसेटच्या डबीतल्या कागदी कार्डाचा फोटो काढून कव्हर म्हणून जोडला. राग, गायक, तारीख, सगळं वडिलांच्या अक्षरात पडद्यावर दिसतं. आईला रोमन वाचता येत नाही, पण हे ती लगेच ओळखते. फोटो साध्या जेपीजीमध्ये आणि लहान ठेवा. प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्याने उमटणारे) जेपीजी अशा छोट्या प्लेयरवर बहुधा दिसत नाहीत.

कापड अंथरताना, खडूने आखणी करताना एका कानात लावतो. रेडिओवरचं ते सगळं मोनो आहे, त्यामुळे एका कानानेही काही सुटत नाही. कटिंग मशीन सुरू केलं की इयरफोन काढून ठेवतो, यात तडजोड नाही. आकाशवाणी थेट ऐकायला मात्र अजून फोनच घेतो.

निम्म्या कॅसेटी उतरवायच्या राहिल्यात. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झालाय, त्यामुळे सूर हलतो आणि मला काम थांबवावं लागलंय. सोलापुरात तो नीट बदलून देणारा कारागीर कुणाला माहीत असेल, तर जरूर सांगा.