शून्य ओळी

क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर शून्य ओळी आलं आणि मला हायसं वाटलं. जुन्या सिस्टिममधले ग्राहक नव्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम महिनाभर चाललं होतं. कुणी मागे राहिलंय का, एवढंच तपासायचं होतं. जुन्या टेबलातले असे ग्राहक दाखव, ज्यांचा क्रमांक नव्या टेबलातल्या 'जुना क्रमांक' या कॉलममध्ये नाही. साधं 'नॉट इन'. ग्रिड, म्हणजे उत्तराचा तक्ता, रिकामं आलं. मी साडेदहालाच मेल टाकून मोकळा झालो: 'एकही ग्राहक सुटलेला नाही.'

अकराला मॅनेजरचा फोन. "जुन्यात ४८,२१६ आहेत, नव्यात ४७,९०५. मग हे ३११ गेले कुठं?"

तिथून दुपारपर्यंत मी क्वेरी चालवायच्या त्या टूलशी भांडत होतो. ते तीन महिन्यांपूर्वीच आमच्याकडे आलं होतं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात गेलं होतं. दहा खिडक्या, शंभर बटणं, आणि हवी ती गोष्ट कायम तिसऱ्या मेन्यूत. आधी वाटलं, ग्रिड एका वेळी ठरावीकच ओळी आणतं त्यातला काही घोळ असेल. पण शून्याला कसली आलीय मर्यादा? मग वाटलं, भलत्याच स्कीमाला, म्हणजे टेबलांच्या दुसऱ्याच संचाला, जोडलो गेलोय. मग बदल आपोआप पक्के करणाऱ्या ऑटो-कमिटवर संशय घेतला. टूल बंद करून पुन्हा चालू केलं, कनेक्शन नव्यानं जोडलं. शेवटी वैतागून 'नॉट' काढलं आणि नुसतं 'इन' चालवलं. ४७,९०४. परत 'नॉट' घातलं. शून्य.

म्हणजे ४८,२१६ पैकी ४७,९०४ आत आहेत आणि बाहेर कुणीच नाही. टूल बिघडलंय याचा याहून मोठा पुरावा काय हवा! मी चक्क स्क्रीनशॉट काढून ठेवला.

आता माझं मूळ सांगायला हवं. मी फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर वाढलेला माणूस. तिथं टेबल उघडायचं, इंडेक्स लावायचा, 'सीक' करायचं, सापडलं तर ठीक, नाही तर नोंद घ्यायची, मग 'स्किप' करून पुढचा रेकॉर्ड. रेकॉर्ड बोटानं मोजत जावेत तसं. एसक्यूएल, म्हणजे क्वेरींची भाषा, मी पुढे शिकलो, पण डोक्यात अजून तेच बोट फिरत असतं. त्या दुपारी मी ते लपवणं सोडलं. दोन्ही टेबलं फाइलमध्ये काढली आणि माझ्या मशीनवर अजून जपून ठेवलेल्या व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये ओतली. त्याचा अधिकृत सपोर्ट २०१५ सालीच संपलाय, त्यामुळे खिडकी जरा आडोशाला ठेवली. एकेक रेकॉर्ड तपासत जाणारा सात-आठ ओळींचा 'स्कॅन... एंडस्कॅन' लूप लिहिला. बघता बघता यादी हातात. ३१२ ग्राहक.

खरं सांगतो, छाती फुगली. तंत्र नवं असो की जुनं, काम कोण करतंय ते बघा, अशा थाटात मी शेजारच्या टेबलावरच्या ज्युनिअरला यादी दाखवली. टीममध्ये येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिनं यादीकडे पाहिलंच नाही, आकड्याकडे पाहिलं.

"सर, फरक ३११ चा होता ना? मग हे ३१२ कसे?"

"एखादा इकडचा तिकडे झाला असेल."

"नाही सर. मग नव्या टेबलात एक जण असा असणार, जो जुन्यात नव्हताच."

तिनं माझीच क्वेरी तिच्या मशीनवर घेतली, नवं टेबल 'जुना क्रमांक' या कॉलमनुसार क्रमानं लावून घेतलं आणि पार टोकाला गेली. शेवटच्या ओळीत करड्या, तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: नल. म्हणजे तिथं काही नोंदलेलंच नाही. कुणीतरी चाचणीसाठी थेट नव्या सिस्टिममध्ये उघडलेला ग्राहक. त्याला जुना क्रमांक असणार कुठून?

ती ओळ मी सकाळपासून दोनदा पाहिली होती. माझ्या स्क्रीनवर तो चौकोन कोरा होता.

कोरा का, तेही आठवलं. टूल आलं त्या पहिल्याच दिवशी, ग्रिडभर पसरलेले ते करडे 'नल' डोळ्यांना खुपतात म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मीच ते रिकामे दिसतील असं करून ठेवलं होतं. फॉक्सप्रो २.६ मध्ये नल नव्हतंच. कोरं म्हणजे कोरं, स्पेस भरलेली. १९९५ च्या व्हिज्युअल फॉक्सप्रोत ते आलं, पण 'सेट नल' हे सेटिंग तिथं मुळातच बंद असतं आणि मी ते कधी चालू केलं नाही.

बाकीचं तिनं कागदावर मांडलं. 'नॉट इन' म्हणजे यादीतल्या प्रत्येकाशी 'हा तो नाही ना?' असं विचारत जाणं, आणि सगळ्यांकडून 'नाही' आलं तरच ओळ दाखवणं. नलशी तुलना केली की उत्तर 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही, 'माहीत नाही'. तो एकटा नल ४८,२१६ वेळा 'माहीत नाही' म्हणाला आणि एकही ओळ बाहेर आली नाही. 'इन'ला मात्र एकजण जुळला की पुरतं, म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. कॉड या संगणकशास्त्रज्ञांनी अशा डेटाबेसच्या मुळाशी असलेलं रिलेशनल मॉडेल १९७० साली मांडलं आणि हे तीन उत्तरांचं तर्कशास्त्र १९७९ च्या लेखात चर्चिलं. माझी नोकरी सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

तिनं 'नॉट इन'च्या जागी 'जुळणारी ओळ एकही नाही ना?' एवढंच विचारणारं 'नॉट एक्झिस्ट्स' घातलं. ३१२. माझ्या यादीशी ताडून पाहिलं, नाव न् नाव जुळलं. "तुमचा लूप बरोबर होता की सर," ती म्हणाली. होता. पण शून्य का आलं, हे मला तो लूप दहा वेळा चालवूनही कळलं नसतं.

सकाळची मेल चुकीची होती, अशी दुसरी मेल धाडली आणि स्क्रीनशॉट पुसून टाकला. सेटिंग पूर्ववत केलं. ग्रिडवर पुन्हा करडे डाग पडले. मग गेल्या काही महिन्यांतल्या माझ्या रिपोर्टांच्या फोल्डरमध्ये 'नॉट इन' शोधलं. सात फाइली निघाल्या. सगळे घरी गेले होते. पहिल्या दोन ठीक होत्या, त्यांच्या कॉलमला नल चालतच नव्हतं. तिसरी उघडली. तो रिपोर्ट दर महिन्याला शून्य ओळी दाखवायचा आणि सगळे त्यावर खूश होते.