"आई, ती आजी जिंकली!"

नेदरलँड्समधल्या आम्सटलवेनला येऊन चार वर्षं झाली. दोन पोरं (एक सहाची, एक तीनचा), दोघांच्या नोकऱ्या आणि हाताशी ना आई ना सासूबाई. आल्या आल्या उत्साहात जिम लावली, वर्षभरात मोजून पाच वेळा गेले असेन, आणि वजन काही थांबेना. मग एक दिवस भांडी आवरताना लक्षात आलं की मी माझं जेवून झाल्यावर पोरांच्या ताटातलंही जेवते! अर्धी पोळी, वरणभाताचे चार घास, कडा सोडलेला ब्रेड, 'टाकायचं कशाला' म्हणून सगळं पोटात. आता वाढतानाच निम्मं वाढते, हवं तर परत घ्या.

व्यायामाचं म्हणाल तर बाकफीट्स घेतली. म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, पेटीत पोरं बसतात. बॅटरीवाली फार महाग म्हणून साधी, सेकंडहँड. देश सपाट आहे हो, पण वारा! नोव्हेंबरात एकदा समोरून वारा, आडवा पाऊस, पेटीत दोन पोरं, त्यात पाच किलो बटाटे, मी उभी राहून पेडल हाणतेय आणि सत्तरीच्या एक आजी ताठ बसून बाजूने सुळकन पुढे गेल्या. लेक प्लॅस्टिकच्या कव्हरमधून ओरडतेय, "आई, ती आजी जिंकली!" (आजींची बॅटरीची होती, हे मी लेकीला दोनदा सांगितलं.) शाळा, पाळणाघर, ऑफिस धरून रोजचे दहा किलोमीटर होतात. रविवारी आम्सटरडॅमसे बोसमध्ये चालायला जातो. हजारेक हेक्टरचं जंगल, पण हे सगळं माणसांनी लावलेलं, 1934 मध्ये मंदीच्या काळात बेकारांना काम म्हणून सुरुवात केली होती, आता बघून खरं वाटत नाही.

खाण्यात मोठा शोध म्हणजे क्वार्क. सुपरमार्केटात दह्याशेजारी डबे असतात, पहिल्यांदा उघडला आणि म्हटलं अरे हा तर चक्का! टांगायची भानगड नाही, बिनसायीचं घेतलं तर 100 ग्रॅममागे आठ-नऊ ग्रॅम प्रोटीन. वेलची, केशर, चमचाभर साखर, झालं कमी गोडाचं श्रीखंड. कार्नेमेल्क म्हणजे ताकच, त्याची कढी होते.

शाळेच्या डब्यापुढे मात्र मी हात टेकले. थालीपीठ दिलं की तसंच परत. इथली पोरं ब्रेडवर लोणी आणि त्यावर चॉकलेटचे दाणे घालून खातात, हे जेवण बरं का! शेवटी गव्हाच्या ब्रेडला आतून दाण्याची चटणी लावून देते, ती खपते.

रात्रीचं जेवण आता इथल्यासारखं सहाला. आई फोनवर म्हणाली, "जैन झालीस की काय?" म्हटलं, अगं डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो, त्या हिशोबाने उशीरच झाला.

जिम मागच्या महिन्यात बंद केली, त्या पैशात चांगली रेनपँट आली.