गागाझेट: बाराव्यांदा पडला एकदाचा

फायनल फँटसी टेन या व्हिडिओ गेममधला गागाझेट डोंगरावरचा बॉस सीमोर पडला. रविवारी रात्री पावणेबाराला, बाराव्या प्रयत्नात, आणि तोही थोड्या बेइमानीने. बेइमानीचं खाली सांगतो.

या खेळासाठी मी स्वतःला घातलेले नियम आठवत असतीलच: फायनल फँटसी टेनचं पीएस फोरवरचं रीमास्टर, एक्स्पर्ट स्फिअर ग्रिड (पात्रांची ताकद वाढवायचा पट), ग्राइंडिंग नाही (वाटेत आडवं येईल तेवढंच मारायचं) आणि एऑन, म्हणजे युना लढाईत बोलावते ते महाकाय मदतनीस, बंद. व्हिया प्युरिफिको या ठिकाणी इसारू या दुसऱ्या एऑनवाल्याशी एऑननेच लढावं लागतं, तेवढी सूट. काल्म लँड्सचं माळरान ओलांडेपर्यंत हे काही जाचलं नव्हतं. उलट जरा माजच चढला होता. तो सगळा सीमोर फ्लक्सने, म्हणजे सीमोरच्या इथल्या रूपाने, उतरवला.

त्याच्या 70,000 एचपीचं, म्हणजे एवढ्या जिवाचं, मला काही वाटत नाही. डोकं फिरवते ती सीमोर आणि त्याचा साथीदार मॉर्टिऑर्किस यांची जोडगोळी. सीमोर भाला मारतो, लान्स ऑफ ॲट्रोफी, की आपला गडी झॉम्बी. मग पाठीमागचा मॉर्टिऑर्किस त्याच गड्यावर फुल-लाइफ टाकतो आणि झॉम्बी संजीवनीने जागच्या जागी मरतो. शत्रू आपल्यावर एवढं महागडं औषध उधळतो आणि आपण त्यानेच मरतो! पहिल्या वेळी मी हसलो होतो. पाचव्या वेळी कंट्रोलर सोफ्यावर आपटला.

उपाय सगळ्यांना पाठ आहे: भाला आणि फुल-लाइफ यांच्या मध्ये झॉम्बीपणा उतरवणारं होली वॉटर मारायचं. होली वॉटर भरपूर होतं, काल्म लँड्समधल्या रिनच्या एजन्सीतून पोत्याने उचललं होतं. अडचण होती ती त्या ‘मध्ये’ची. माझ्या खेळात सीमोर आणि मॉर्टिऑर्किस यांचे टर्न (पाळ्या) सारखे एकमेकांना चिकटून येत होते. भाला, लगेच फुल-लाइफ, माझ्या पथकातला ऑरॉन आडवा. मला हात हलवायलाही जागा नाही.

चार प्रयत्न मी हे नशिबावर ढकललं. मग हेस्टवर, म्हणजे वेग वाढवणाऱ्या जादूवर, भिस्त ठेवली. टीडसने सगळ्यांना हेस्ट दिलं की टर्न पटापट येतात, पण ते नेमके नको तिथे जमतात: माझे चार ओळीने, मग त्यांचे दोन ओळीने. आठव्या वेळी वाकाने चेंडू मारायच्या आधी मी सहज अटॅकवर कर्सर थांबवला आणि उजवीकडची टर्नची, चेहऱ्यांची यादी बघितली. वाकाचा पुढचा चेहरा मॉर्टिऑर्किसच्या खाली गेला. कर्सर आयटेमवर नेला तर तोच चेहरा एक घर वर सरकून बरोब्बर दोघांच्या मधोमध येऊन बसला.

तिथेच ट्यूब पेटली. सीटीबीत, म्हणजे टेनच्या या टर्न-पद्धतीत, प्रत्येक कृतीचा भार वेगळा असतो. साध्या अटॅकचा 3, आयटेमचा 2. जेवढा भार जास्त, तेवढा पुढचा टर्न लांब. हे मला माहीत नव्हतं असं नाही, या नोंदींमध्येच मी ते कधीतरी शहाणपणाने लिहिलंय. पण मी ते कायम ‘लवकर टर्न मिळवण्यासाठी’ वापरत आलो. इथे लवकरचा उपयोग नव्हता, नेमक्या फटीत शिरायचं होतं. म्हणून एचपी पूर्ण भरलेल्या वाकावर वाकानेच पोशन मारलं. भरल्या पोटी ग्लुकोज! त्याचा चेहरा मध्ये आला, भाला युनाला लागला, वाकाने होली वॉटर मारलं, आणि मॉर्टिऑर्किसचं फुल-लाइफ फुकट गेलं. त्या एका क्षणासाठी सात मरणं वसूल.

(ट्रँगल दाबून डिफेंड केलं तरी टर्न लवकर येतो, हे नंतर सुचलं. तोवर चौदा पोशनं गेली होती.)

म्हणूनच म्हणतो, मंडळी, टर्न-बेस्ड म्हणजे नुसतं थांबणं हे ज्यांना वाटतं त्यांना ही लढाई द्यावी. हिरोयुकी इतोने 1991 साली फायनल फँटसी फोरमध्ये एटीबी, म्हणजे पट्टी भरली की पाळी, आणलं, त्या भरणाऱ्या पट्टीवर आपल्यातले बरेच जण अजून जीव टाकतात. मला ती कधीच मानवली नाही. मी मेनूत औषध शोधत असतो आणि तोवर कुणीतरी येऊन टपली मारून जातं. 2001 साली टेनमध्ये तोशिरो त्सुचिदाने पट्टीच काढून टाकली आणि पुढचे टर्न सरळ समोर मांडले. लपवाछपवी नाही. हरलो तर यादी समोर असताना हरलो. सोळाव्या भागातलं ॲक्शन दिसायला देखणं आहे, पण त्यात मला माझी चूक सापडत नाही, फक्त बोटं दुखतात. एक तक्रार मात्र आहे: क्विक हिट, म्हणजे कमी भाराचा झटपट वार. मूळ पीएस टूवर 12 एमपीत (खास वारांना लागणारी ऊर्जा) मिळायचं, रीमास्टरमध्ये 36 आणि वर मंदही केलंय. समतोलासाठी केलं असेल, पण माझ्या टीडसची रयाच गेली.

तर, फट सापडल्यावर लढाई पुढे सरकली. लुलूने बायो टाकून सीमोरला विष चढवलं. त्याच्या दर टर्नला 1,400 एचपी गळतात. पन्नास टर्नमध्ये तो आपोआप मरेल, असा हिशेब मी खरंच करून पाहिला. दहाव्या प्रयत्नात तर दिवाळीच झाली: तो स्वतःवर रिफ्लेक्ट (जादू परतवणारं कवच) लावतो आणि पुढच्या टर्नला स्वतःवरच फ्लेअर टाकून आपल्यावर उडवतो. मधल्या वेळात युनाने डिस्पेल मारून ते कवच उतरवलं. त्याने फ्लेअर टाकलं आणि स्वतःच भाजला. मी एवढ्याने ओरडलो की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच आली.

“हा निळ्या केसांचा मेला होता ना रे?”

“दोनदा.”

“पिंडाला कावळा शिवला नसणार.”

आणि खरंच, मॅकॅलेनियात त्याच्या माणसांनी युनाला सेंडिंग, म्हणजे मेलेल्याला निरोप द्यायचा विधी, करूच दिलं नव्हतं. पंचवीस वर्षांचा हा खेळ आईने दाराच्या चौकटीत उभं राहून समजून घेतला.

दहावा आणि अकरावा प्रयत्न टोटल ॲनाइहिलेशनने संपवला. मॉर्टिऑर्किस आधी तयारी करतो, मग सगळ्यांवर एकदम. माझ्या पोरांचे एचपी पुरतच नव्हते. ग्राइंडिंग बंद, म्हणजे पुरणारही नव्हते. त्यात दर वेळी लढाईआधीचा तो प्रसंग पीएस फोरवर टाळता येत नाही. रोन्सो जमातीचं आपण काय केलं हे सीमोर माझ्या पथकातल्या, त्याच जमातीच्या किमारीला सावकाश, चवीने ऐकवतो. तेवढ्यात माझा चहा होऊन थंडही व्हायचा. शिवाय एक्स बटण चिकटायला लागलं. ज्याच्याकडे मागे कंट्रोलर दुरुस्तीला दिला होता त्याने ‘आतून नवा करून दिलाय’ म्हटलं होतं. आतून बिस्किटाचा चुरा निघाला. माझाच असावा, पण मग त्याने उघडलं तरी काय होतं? आता इयरबड आणि आयसोप्रोपिल घेऊन स्वतःच बसतो.

बाराव्या वेळी तयारीची सूचना आली, यादीत आधी मॉर्टिऑर्किस आणि मग सीमोर होता. उलट असतं तर सीमोरने बॅनिश करून एऑनला हाकललंच असतं. युनाचा टर्न आला आणि मी वॅलेफोरला बोलावलं. ती आली, सगळा मार अंगावर घेतला आणि गेली. पोरं परत मैदानात, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. चौथ्या टर्नला ऑरॉनने संपवलं.

नियम मोडला का? एऑनने एकही हल्ला केला नाही, ही माझी वकिली. तरी नियमात बदल नोंदवतो: एका बॉसला एकदाच, फक्त ढाल म्हणून. झानार्कंडची बॉस युनालेस्का, तिला मात्र तीही नाही.

खरं तर तिच्यासाठी 30 होली वॉटर खर्चून युनाच्या चिलखतावर झॉम्बी वॉर्ड, म्हणजे झॉम्बी होण्यापासूनचा बचाव, चढवायचा बेत होता, आज तेच लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता आठवलं, तिच्या तिसऱ्या रूपाचं मेगा डेथ जो झॉम्बी नाही त्यालाच मारतं. म्हणजे वॉर्ड चढवला तर युनाच आधी जाणार. बेत रद्द. तिच्या हेलबायटर हल्ल्याने झॉम्बी झालेल्या दोघांना तसंच ठेवायचं, बरं करायचं नाही, आणि 24,000, 48,000, 60,000 एचपीची अशी तिची तिन्ही रूपं माझ्या कमी एचपीवर रेटायची. औषधाविना कसं रेटायचं ते अजून ठरलेलं नाही. कुणी एऑनशिवाय केलं असेल तर किती जणांना झॉम्बी ठेवलं तेवढं सांगा.

झानार्कंडच्या दारात सेव्ह केलंय. होली वॉटर 34 उरलीत. बोटाला लागलेली सवय जाणार नाही, म्हणून आयटेमच्या यादीत ती सगळ्यात तळाला ढकलून ठेवलीत.